हरवलेले दिवस, विकलेली वेळ

अव्हिलाची संत तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री स्पेनमधल्या आल्बा दे तोर्मेस या गावी वारली आणि दुसऱ्या दिवशी तिचं दफन झालं. त्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती १५ ऑक्टोबर. दफनाला उशीर झाला नव्हता. मधले दहा दिवस स्पेनमध्ये उगवलेच नव्हते. पोप तेराव्या ग्रेगरीच्या फर्मानाप्रमाणे गुरुवार ४ ऑक्टोबरच्या पाठोपाठ शुक्रवार १५ ऑक्टोबर आला, आणि तेरेसाने डोळे मिटले ते नेमके या दोन तारखांच्या सांध्यावर. आजही तिचा सण १५ ऑक्टोबरलाच साजरा होतो.

या पुस्तकात अशाच गोष्टी आहेत. कॅलेंडरातून गायब झालेले दिवस, दोनदा आलेले दिवस, दहा तासांची घड्याळं, रंगीत आठवडे, घरोघरी जाऊन वेळ विकणारी बाई. वाचताना हसू येईल, आणि ते यावं अशीच माझी इच्छा आहे. पण या गोष्टी एकत्र मांडल्या तेव्हा त्यांतून एक धागा निघाला, आणि त्या धाग्यासाठीच हे पुस्तक लिहावंसं वाटलं.

सूर्य कधी उगवावा हे कुणाच्या हातात नाही. पण आज तारीख कोणती, किती वाजले, सुट्टी कधी आणि वर्ष कधी संपलं, हे सगळं माणसांनी आपसात ठरवलेलं असतं. ठरवणाऱ्यांत राजे असतात, पोप असतात, क्रांतिकारक आणि रेल्वे कंपन्या असतात. पाळणाऱ्यांत शेतकरी, भाडेकरू, गिरणी कामगार, दुकानदार असतात. आकाशाचं गणित चुकल्यामुळे जितकी कॅलेंडरं मोडली, त्याहून जास्त मोडली ती या पाळणाऱ्यांना कुणी विचारलं नाही म्हणून. प्रत्येक प्रकरणात हे वेगळ्या देशात, वेगळ्या वेषात दिसेल.

सुरुवात रोमपासून आहे. जुन्या रोमन कॅलेंडरात वर्ष ऋतूंशी जुळवून घेण्यासाठी अधूनमधून जास्तीचा महिना घालावा लागे आणि तो घालायचा अधिकार पुरोहितांच्या हाती असे. मित्र पदावर असला की वर्ष लांबवायचं, शत्रू असला की महिना टाळायचा, असे प्रकार तिथे होत. जूलियस सीझरने हा गोंधळ निस्तरायला घेतला तेव्हा कॅलेंडर ऋतूंपासून इतकं भरकटलं होतं, की इसवी सनापूर्वी ४६ चं वर्ष त्याला ४४५ दिवसांचं करावं लागलं. त्यानंतर दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवायचा, असा सोपा नियम त्याने घालून दिला. सीझरच्या खुनानंतर पुरोहितांनी तो नियम पाळला खरा, पण चौथं वर्ष मोजताना मागचं लीप वर्षही धरलं आणि दर तीन वर्षांनी दिवस वाढवत राहिले. ही चूक ध्यानात यायला काही दशकं गेली. शेवटी ऑगस्टसने काही लीप वर्षं गाळून हिशेब रुळावर आणला.

सीझरचं वर्षही खऱ्या सौर वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी लांब होतं. अकरा मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. सोळाव्या शतकापर्यंत वसंतसंपात दहा दिवस अलीकडे सरकला आणि ईस्टरचा हिशेब बिघडला. ग्रेगरीच्या तज्ज्ञांनी दहा दिवस वगळले आणि शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जात असेल तरच ते लीप वर्ष, हा आजचा नियम केला. गणित उत्तम होतं. पण ते पोपकडून आलं होतं, आणि अर्धा युरोप तेव्हा पोपशी भांडत होता. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकत्र राहत. तिथे नव्या कॅलेंडरावरून वाद पेटला. १५८४ मध्ये विरोध करणाऱ्या एका प्रोटेस्टंट धर्मगुरूला शहराबाहेर घालवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा लोक हत्यारं घेऊन रस्त्यावर उतरले.

स्वीडनने शांतपणे जाण्याचा मार्ग काढला. एकदम दिवस वगळून लोकांना धक्का देण्यापेक्षा १७०० पासून ४० वर्षं एकही लीप दिवस पाळायचा नाही, म्हणजे कुणाला न कळता देश नव्या कॅलेंडरात पोहोचेल, असा बेत होता. १७०० चा लीप दिवस ठरल्याप्रमाणे वगळला गेला. मग देश रशियाबरोबरच्या मोठ्या युद्धात गुंतला आणि १७०४ व १७०८ चे लीप दिवस नेहमीसारखे पाळले गेले. परिणामी स्वीडन जुन्या कॅलेंडराच्या एक दिवस पुढे आणि नव्याच्या दहा दिवस मागे, असं जगात एकटं पडलं. शेवटी राजा बाराव्या चार्ल्सने जुन्याकडे परत जायचं ठरवलं. वगळलेला एक दिवस परत द्यायचा होता आणि १७१२ मुळात लीप वर्ष होतं, म्हणून त्या वर्षी स्वीडनमध्ये फेब्रुवारीची ३० तारीख आली. त्या दिवशी जन्मलेल्या मुलाच्या वाढदिवसाची तारीख पुन्हा कधी यायची नव्हती.

ब्रिटनने १७५२ मध्ये बदल केला. २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. तिथल्या कायद्यात मला सर्वांत आवडलेला भाग खगोलशास्त्राचा नाही, पैशांचा आहे. कॅलेंडरातून अकरा दिवस गेले म्हणून भाडं, कर्जाची मुदत किंवा करार अकरा दिवस आधी पुरे झाले असं मानायचं नाही, खरे दिवस मोजायचे, अशी तरतूद त्यात होती. सरकारनेही स्वतःच्या हिशेबात तेच केलं. २५ मार्चला सुरू होणारं हिशेबाचं वर्ष सरकत सरकत ६ एप्रिलवर आलं, आणि ब्रिटनमधलं करवर्ष आजही ६ एप्रिललाच सुरू होतं. अडीचशेहून अधिक वर्षं उलटली तरी ते अकरा दिवस त्यांच्या खतावणीत जिवंत आहेत.

इथे मराठी वाचकाच्या घरचा एक धागा येतो. सतराव्या शतकात सुरतेचे आणि मुंबईचे इंग्रज जुनं कॅलेंडर वापरत, तर गोव्याचे पोर्तुगीज नवं. एकाच घटनेची तारीख इंग्रजी पत्रात एक आणि पोर्तुगीज पत्रात दहा दिवस पुढची. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे आपण ज्याला १६३० चा फेब्रुवारी म्हणतो तो त्यांच्या कागदावर १६२९ चा. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेचा. आपण १९ फेब्रुवारी १६३० म्हणतो ती ज्युलियन, म्हणजे जुन्या कॅलेंडराची तारीख, आजच्या ग्रेगोरियन पद्धतीने तोच दिवस १ मार्च येतो. रायगडावरच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही तशीच. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन त्या सोहळ्याला हजर होता आणि त्याच्या कंपनीचं कॅलेंडर जुनंच होतं. मराठ्यांच्या इतिहासाची साधनं जुळवणाऱ्या संशोधकांनी शक, हिजरी सन, जुनी आणि नवी इसवी तारीख असे चार हिशेब एकमेकांवर बसवून दिवस नक्की केले. त्या चिकाटीबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि एक सबंध प्रकरण त्यांच्यासाठी राखलं आहे. टिळक पंचांग आणि इतर पंचांगं यांच्या अधिक महिन्याच्या हिशेबातल्या फरकाची गोष्टही तिथेच येईल. त्या फरकामुळे काही वर्षी एकाच गावात दोन घरांची दिवाळी महिन्याच्या अंतराने होत आली आहे.

दिवस हरवायला दर वेळी फर्मान लागतंच असं नाही. मॅगेलनच्या मोहिमेवर सुमारे २७० माणसं पाच जहाजांतून निघाली. जुलै १५२२ मध्ये उरलेलं एकमेव जहाज केप व्हर्द बेटांवर पोहोचलं, तेव्हा अंतोनियो पिगाफेत्ता या प्रवाशाच्या रोजनिशीप्रमाणे बुधवार होता. किनाऱ्यावरचे लोक म्हणाले, आज गुरुवार. पिगाफेत्ता चक्रावला, कारण त्याने एकही दिवस न चुकवता नोंद ठेवली होती. पश्चिमेकडे जात पृथ्वीला फेरी मारली की सूर्योदय एकने कमी दिसतो, हे नंतर उमगलं. त्याची वही अचूक होती आणि किनाऱ्यावरचं कॅलेंडरही. माणसाने पृथ्वी गोल आहे हे वारावरून अनुभवलं, असा हा इतिहासातला पहिला प्रसंग आहे.

फ्रेंच क्रांतीची गोष्ट मी थोडी विस्ताराने सांगितली आहे, कारण तिच्यात स्वप्न मोठं होतं. वजन-मापं दशमान झाली, मग काळ का नको? क्रांतिकारकांनी दहा दिवसांचा आठवडा केला. दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं, मिनिटाचे शंभर सेकंद केले. संतांच्या नावाचे दिवस काढून टाकले आणि प्रत्येक दिवसाला शेतातलं, गोठ्यातलं नाव दिलं. वर्षाचा पहिला दिवस द्राक्षाचा, दुसरा केशराचा, पाचवा घोड्याचा, सातवा गाजराचा. दहा आकड्यांची घड्याळं खरोखर बनली. ती आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. पण घड्याळजींकडे आणि लोकांच्या खिशात असलेली सगळी जुनी घड्याळं एका हुकमाने निरुपयोगी होणार होती. दशमान तासांची सक्ती १७९५ च्या एप्रिलमध्येच मागे घेतली गेली. दहा दिवसांचा आठवडा अधिक काळ टिकला, पण कामकऱ्याला आधी सात दिवसांत एक सुट्टी मिळायची ती आता दहांत एक मिळू लागली. समतेच्या नावाने आलेल्या कॅलेंडराने मजुराची सुट्टी कापली, हे लोक कधीच विसरले नाहीत. नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून जुनं कॅलेंडर परत आणलं, तेव्हा त्यासाठी कुणी रडल्याची नोंद फारशी सापडत नाही.

सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये याच वाटेने आणखी पुढे पाऊल टाकलं. कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामगारांना पाच गटांत वाटून प्रत्येक गटाला एक रंग दिला. सुट्टी त्या रंगाच्या दिवशी. पाचांत एक म्हणजे सुट्ट्या वाढल्या होत्या. पण नवरा पिवळा, बायको जांभळी आणि मित्र हिरवा असेल तर तिघं एकत्र जेवायचे कधी? सगळ्यांनी मिळून घेतलेली सुट्टी आणि एकट्याने घेतलेली सुट्टी यांतला फरक त्या काळच्या लोकांना जितका कळला असेल, तितका कुठल्याही ग्रंथातून कळणार नाही. यंत्रंही न थांबता चालून बिघडू लागली. १९३१ पासून सहा दिवसांचा आठवडा झाला, आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा परत आला.

कॅलेंडरांनंतर घड्याळांचा भाग सुरू होतो. रेल्वे येईपर्यंत प्रत्येक गावाची वेळ त्या गावच्या सूर्यावर चाले. ब्रिस्टल लंडनच्या दहा मिनिटं मागे होतं, आणि तिथल्या कॉर्न एक्स्चेंजच्या घड्याळाला आजही दोन मिनिटकाटे आहेत, एक लंडनचा आणि एक ब्रिस्टलचा. १८५८ मध्ये डॉर्चेस्टरच्या कोर्टात न्यायाधीश कोर्टातल्या घड्याळाच्या दहाच्या ठोक्याला बसले. प्रतिवादी हजर नव्हता, निकाल त्याच्या विरोधात गेला. तेवढ्यात तो आला आणि म्हणाला, गावच्या घड्याळात अजून दहा वाजलेलेच नाहीत. वरच्या न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. सबंध ब्रिटनची वेळ कायद्याने एक व्हायला १८८० उजाडलं.

फ्रान्समध्ये रेल्वे स्टेशनच्या बाहेरचं घड्याळ पॅरिसची वेळ दाखवी आणि आतलं मुद्दाम पाच मिनिटं मागे असे, म्हणजे धावत येणाऱ्यालाही गाडी मिळावी. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांच्या परिषदेत ग्रिनिचची रेखा शून्य मानायचं ठरलं, तेव्हा फ्रान्स तटस्थ राहिला. १९११ मध्ये जगाबरोबर जावंच लागलं. फ्रेंच संसदेने कायदा केला, की देशाची वेळ म्हणजे पॅरिसची सरासरी वेळ ९ मिनिटं २१ सेकंद मागे घेतलेली. ती तंतोतंत ग्रिनिचची वेळ होती; कायद्यात ग्रिनिचचं नाव मात्र नव्हतं. ही तडजोड मला सुंदर वाटते. घड्याळ जुळलं, आणि मानही राहिला.

या पुस्तकातली माझी सर्वांत लाडकी व्यक्ती रूथ बेलव्हिल आहे. ग्रिनिचच्या वेधशाळेत काम करणारे तिचे वडील १८३६ पासून लंडनच्या घड्याळजींना अचूक वेळ पोहोचवत. त्यांच्यामागे आईने आणि १८९२ पासून रूथने तेच काम केलं. साधन एकच, जॉन अर्नोल्डने बनवलेलं खिशातलं क्रोनोमीटर. ते मुळात सोन्याच्या डबीत होतं. चोरांची नजर जाऊ नये म्हणून वडिलांनी डबी चांदीची करून घेतली होती. रूथ आठवड्यातून एकदा वेधशाळेत जाई, घड्याळ किती सेकंद पुढे-मागे आहे याचा दाखला घेई आणि मग गिऱ्हाइकांच्या दारी जाऊन त्यांना वेळ दाखवी. पैसे त्या एका नजरेचे. १९०८ मध्ये तारेने वेळ पुरवणाऱ्या कंपनीच्या एका बड्या माणसाने जाहीर भाषणात तिच्या जुनाट पद्धतीची टर उडवली. पत्रकारांनी तिला शोधून काढलं, तिची गोष्ट छापून आली आणि तिची गिऱ्हाइकं वाढली. पुढे रेडिओवर वेळेचे ठोके आले, टेलिफोनवर वेळ सांगणारा आवाज आला, तरी ती १९४० पर्यंत हे काम करत राहिली. तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. लोक तिला पैसे देत, कारण तिच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, आणि वेळ शेवटी विश्वासावरच चालते.

तो विश्वास मुंबईत तुटला होता. मुंबईची वेळ मद्रासच्या अर्धा तास मागे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ लादून पाहिली, पण शहर बधलं नाही आणि हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईच्या ३९ मिनिटं पुढे. गिरणीत पहाटे जाणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने सरकारने त्याची ३९ मिनिटांची झोप काढून घेतली होती. त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारलं, दगडफेक झाली. महापालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची वेळच ठेवली, आणि ती १९५५ पर्यंत ठेवली. स्वातंत्र्यानंतरही आठ वर्षं या शहरात दोन वेळा नांदत होत्या. भेट ठरवताना ‘कोणती वेळ?’ असं विचारून घ्यावं लागे.

याच्या उलट सामोआ. १८९२ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी या बेटांनी ४ जुलै दोनदा पाळला होता. शतकानंतर व्यापार ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे वळला, म्हणून २०११ मध्ये त्यांनी शुक्रवार ३० डिसेंबर गाळला. गुरुवारी झोपलेले लोक शनिवारी उठले. आणि सरकारने सांगितलं, की न उगवलेल्या शुक्रवारचा पगार कामगारांना द्यायचा. वार बदलला, दंगा झाला नाही.

गोष्टी निवडताना एक कसोटी कटाक्षाने लावली आहे. गोष्ट कितीही रंगतदार असली, तरी तिला कागदाचा आधार हवा. इंग्लंडमध्ये १७५२ साली ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत दंगली झाल्या, हे अनेक पुस्तकांत आढळतं. त्या दंगलींचा समकालीन पुरावा मिळत नाही. विल्यम होगार्थच्या १७५५ च्या एका निवडणुकीच्या चित्रात जमिनीवर पडलेला तसा फलक आहे, आणि त्यावरून पुढच्या लेखकांनी सबंध दंगल उभी केली. आउग्सबुर्गची आणि मुंबईची खरी दंगल लोक विसरले आणि ही काल्पनिक दंगल जगभर गेली, याचं मला वाईट वाटतं. इतिहासातल्या गमती खऱ्या असतात तेव्हाच त्यांतून काही शिकता येतं. म्हणून इथे ऐकीव गोष्टींना जागा दिलेली नाही.

प्रकरणं कोणत्याही क्रमाने वाचता येतील. मुलांना मोठ्याने वाचून दाखवावीत अशी काही आहेत. स्वीडनच्या ३० फेब्रुवारीपासून सुरुवात करावी. गणिताची भीती वाटणाऱ्यांनीही बिनधास्त पुढे जावं, बेरीज-वजाबाकीपलीकडे इथे काही नाही.

हा विषय संपलेला नाही. युरोपियन संसदेने वर्षातून दोनदा घड्याळ पुढे-मागे करण्याची पद्धत बंद करावी, असा कौल २०१९ मध्ये दिला आणि तो अजून अमलात आलेला नाही. आसामच्या चहामळ्यांत भारतीय प्रमाणवेळेच्या तासभर पुढची ‘बागान वेळ’ आजही चालते, आणि ईशान्य भारताला स्वतंत्र वेळ हवी ही मागणी वारंवार पुढे येते. अशा प्रश्नांवर खगोलशास्त्रज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि रेल्वेचे अधिकारी आपापली मतं देतील, द्यायलाच हवीत. पण सीझरपासून सामोआपर्यंतचे हे किस्से वाचलेल्या वाचकाने त्या चर्चेत आधी एवढंच विचारावं : या बदलाने पहाटे कुणाला लवकर उठावं लागेल, कुणाची सुट्टी जाईल आणि त्या दिवसाचा पगार कोण देईल? या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असतील, तर घड्याळ खुशाल बदलावं.